माइनक्राफ्ट सर्व्हरवर बक्षिसं कशी लावावीत: नाणी, किट, रँक आणि टिकणारे खेळाडू

सर्व्हर सुरू होतो. पहिले दोन आठवडे रोज संध्याकाळी पंधरा-वीस जण ऑनलाइन दिसतात आणि तिसऱ्या आठवड्यात आकडा चारवर येतो. ॲडमिन घाबरून रोजचं किट (फुकट वस्तूंचा तयार संच) लावतो, वर एखादा क्रेट (नशिबाने वस्तू देणारी पेटी) ठेवतो. आकडा पुन्हा चढतो, पण चॅट शांतच राहतं आणि नवीन घर एकही उभं राहत नाही. लोक येतात, किट घेतात, दोन मिनिटांत निघून जातात. यात खेळाडूंची काहीच चूक नाही. तुम्ही लॉगिनला बक्षीस दिलंत, त्यांनी लॉगिन केलं. ज्याला बक्षीस द्याल ते वाढतं, आणि तेवढंच वाढतं. म्हणून कुठलंही प्लगइन (सर्व्हरला जोडायचा जादा प्रोग्राम) टाकण्याआधी आपल्या सर्व्हरवर नक्की काय वाढायला हवंय, हे ठरवावं लागतं.

खालचा हिशेब जावा एडिशनच्या सर्व्हायव्हल सर्व्हरसाठी आहे, जिथे ३० ते ६० खेळाडू आहेत आणि संध्याकाळी दहा-पंधरा एकदम असतात. पेपर हे सर्व्हरचं सॉफ्टवेअर आणि चार प्लगइन एवढ्यावर यातलं बहुतेक सगळं जमतं: एसेन्शियल्सएक्स (किट, नाणी, टेलिपोर्ट; पुढे नुसतं एसेन्शियल्स), व्हॉल्ट (नाण्यांचा हिशेब इतर प्लगइनशी जोडणारं), लकपर्म्स (गट आणि परवानग्या) आणि कोअरप्रोटेक्ट (कोणी काय केलं याची नोंद).

आधी दोन आठवडे नुसतं बघा

वर्ल्डच्या फोल्डरमध्ये स्टॅट्स नावाचं फोल्डर असतं. त्यात प्रत्येक खेळाडूची एक फाइल असते. किती वेळ खेळला, काय खणलं, किती अंतर चालला, किती वेळा मेला, सगळं तिथे लिहिलेलं असतं. प्ले टाइम टिकमध्ये मोजलेला असतो. सर्व्हर सेकंदाला २० टिक चालतो, म्हणजे ७२,००० टिकांचा एक तास. हे आकडे एका शीटमध्ये उतरवा आणि शेजारी एक रकाना स्वतःच्या हाताने भरा: हा माणूस संध्याकाळी करतो काय? बेस बांधतो, रेडस्टोन जोडतो, दूरचे बायोम शोधत फिरतो, की स्पॉनपाशी (खेळाडू जगात पहिल्यांदा उतरतो त्या जागी) उभा राहून तासभर गप्पा मारतो?

हा रकाना भरताना रिचर्ड बार्टल यांची १९९६ सालची विभागणी कामाला येते. बार्टल हे इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात १९७८ साली सुरू झालेल्या एमयूडी या पहिल्या काळातल्या मल्टिप्लेयर खेळाच्या दोन कर्त्यांपैकी एक. त्यांनी खेळाडूंचे चार स्वभाव सांगितले: मिळवणारे, धुंडाळणारे, माणसांत रमणारे आणि दुसऱ्यांवर कुरघोडी करण्यात मजा घेणारे. एकाच माणसात दोन-तीन स्वभाव असतातच, त्यामुळे कोणाच्या कपाळावर चिठ्ठी चिकटवू नका. विभागणी वापरायची ती तुमच्या बक्षिसांवर. यादी समोर घ्या आणि प्रत्येक बक्षीस कोणापर्यंत पोचतं ते लिहा. बहुतेक सर्व्हरवर डायमंड, नाणी, रँक असं सगळंच पहिल्या गटाच्या वाट्याला जातं. धुंडाळणाऱ्याला डायमंड नको असतो. त्याने शोधलेल्या जागेला त्याचं नाव मिळावं आणि तिचा नकाशा स्पॉनच्या भिंतीवर लागावा, एवढं त्याला पुरतं. याला ॲडमिनचा खर्च एक आयटम फ्रेम आणि एक नकाशा.

जे लोक आपणहून करतात त्याचा दर ठरवू नका

सर्वांत जास्त नुकसान या चुकीने होतं आणि ती चांगल्या हेतूनेच होते. लोक सुंदर घरं बांधतात म्हणून ॲडमिन जाहीर करतो, 'दर बिल्डला १,००० नाणी.' महिन्याभरात दगडी खोक्यांची चाळ उभी राहते आणि आधी सुंदर बांधणारेही 'एवढ्याचे किती मिळतील?' असं विचारू लागतात.

१९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी अमेरिकेत बालवाडीच्या ५१ मुलांवर एक प्रयोग केला. मुलांना चित्रं काढायची आवड होतीच. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर सोनेरी चांदणी लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना तेच प्रशस्तिपत्र न सांगता, नंतर दिलं. काहींना काहीच दिलं नाही. थोड्या दिवसांनी मोकळ्या वेळात पाहिलं, तर आधी कबूल केलेल्या गटातली मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती.

सर्व्हरवर याचा अर्थ सरळ आहे. बिल्डिंग, शोधाशोध, गप्पा, मदत या गोष्टींना आधी दर जाहीर करायचा नाही. काम झाल्यावर, न सांगता, नावानिशी दाद द्यायची. आठवड्यातून एकदा सर्व्हरभर फिरा, एक बिल्ड निवडा आणि ती का आवडली हे दोन ओळींत डिस्कॉर्डवर लिहा: 'गच्चीवरचा पाण्याचा नळ जिन्याखालून वर कसा नेलाय ते बघून या.' मग त्या जागेला वॉर्प (एका कमांडने तिथे पोचायची सोय) द्या. फक्त 'मस्त बिल्ड' लिहिलंत तर कोणाला काही वाटत नाही. ॲडमिनने खरंच येऊन, नीट बघून लिहिलंय हे खेळाडूला लगेच कळतं.

ठरलेलं बक्षीस ठेवायचं ते कंटाळवाण्या पण गरजेच्या कामांना: क्रीपरने पाडलेले खड्डे बुजवणं, रस्त्यावर टॉर्च लावणं, नवीन वर्ल्डमध्ये स्पॉनची जागा सपाट करणं. तिथे मुळात आवड नसतेच, त्यामुळे दर लावून काही बिघडत नाही.

नाणी येतात कुठून, जातात कुठे

सर्व्हरची अर्थव्यवस्था बुडते ती सर्व्हर शॉपच्या, म्हणजे सर्व्हरच नवीन नाणी देऊन वस्तू घेतो त्या दुकानाच्या, खरेदीतून. एक उदाहरण पूर्ण करून पाहू.

तुम्ही लोखंडी इनगॉटचा भाव ५ नाणी ठेवला. तीन व्हिलेजर आणि एक झोंबी घेऊन केलेलं साधं आयर्न फार्म (आपोआप लोखंड देणारी रचना) तासाला साधारण ३०० ते ४०० इनगॉट देतं, ३५० धरा. म्हणजे तासाला १,७५० नाणी. फार्म चालायला तो भाग लोड असावा लागतो, म्हणून खेळाडू तिथेच एएफके (खेळ चालू, माणूस जागेवर नाही) उभा राहतो आणि झोपायला जातो. आठ तासांत १४,००० नाणी. तुमच्या शॉपमध्ये डायमंड १०० ला असेल तर सकाळी उठून तो १४० डायमंड घेतो, म्हणजे ६४-६४ चे दोन पूर्ण स्टॅक आणि वर बारा. त्याच रात्री दुसरा एक जण डायमंडसाठी वजा ५९ लेव्हलला बोगदा काढत तीन तास बसला होता. त्याला हे कळतं तेव्हा तो खणणं सोडतो. भांडत नाही, तक्रार करत नाही, फक्त यायचा थांबतो.

म्हणून नियम असा: जे फार्ममधून आपोआप निघतं ते सर्व्हरने विकत घ्यायचं नाही. लोखंड, सोनं, ऊस, बांबू, निवडुंग, केल्प, भोपळा, कलिंगड, गनपावडर, हाडं, एमराल्ड, सगळं या यादीत येतं. डायमंड आणि एन्शंट डेब्री हाताने खणावे लागतात, ते घेतले तर चालतं, पण त्यालाही माणशी रोजची मर्यादा हवी. एसेन्शियल्सच्या सेल कमांडवर विसंबू नका, मर्यादा घालता येणारं शॉप प्लगइन वापरा. लोखंड खेळाडूंनी एकमेकांना खुशाल विकावं. पेटी-दुकानांत नाणी एका खिशातून दुसऱ्या खिशात जातात, नवीन तयार होत नाहीत. फार्मवाला आणि बांधकामवाला यांची ओळखही तिथेच होते.

आता जावक. नाणी कायमची नाहीशी होतील अशा जागा लागतात: जमिनीचे जादा क्लेम ब्लॉक (आपल्या नावावर राखून ठेवायची जागा), बाजारातल्या गाळ्याचं आठवड्याचं भाडं, टेलिपोर्टची फी, चॅटमधल्या नावाचा रंग. टेलिपोर्टची फी एसेन्शियल्सच्या कॉन्फिगमध्ये कमांड-कॉस्ट्सखाली लिहिता येते. स्वतःच्या घरी जायला शून्य, दुसऱ्याकडे जायला २० अशी सुरुवात करा. सुरुवातीची शिल्लक २०० ठेवा, म्हणजे नवीन माणसाला थोडी जागा क्लेम करून एका आठवड्याचा गाळाही घेता येईल. भाव त्याच हिशेबाने बसवायचे.

दर रविवारी बॅलटॉप (कोणाकडे किती नाणी याची यादी) कमांड चालवा. यादीच्या वर सर्व्हरमधल्या एकूण पैशाचा आकडा येतो. तो वहीत लिहा आणि त्या आठवड्यात आलेल्या खेळाडूंच्या संख्येने भागा. माणशी आकडा आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढत असेल तर जावक कमी पडते आहे. एकाच नावाचा आकडा एका रात्रीत उडाला असेल तर फार्म किंवा ड्युप (गेममधल्या चुकीतून वस्तूची फुकट प्रत काढणं) शोधा. कोअरप्रोटेक्टच्या इन्स्पेक्टने पेटीवर क्लिक केलं की कोणी काय काढलं-घातलं ते वेळेसकट दिसतं.

रोजचं किट लावायचंच असेल तर

एसेन्शियल्सच्या किटमध्ये डिले सेकंदांत लिहायचा असतो. सगळे जण ८६,४०० लिहितात, म्हणजे बरोबर २४ तास. इथेच घोळ होतो. खेळाडूने सोमवारी रात्री ९:१० ला किट घेतलं, तर मंगळवारी ९ ला आल्यावर 'अजून दहा मिनिटं थांबा' येतं. तो ९:२० ला घेतो, बुधवारी ९:३०, आणि आठवड्याअखेरीस किट त्याच्या झोपेच्या वेळेवर येऊन बसतं. ७२,००० लिहा, म्हणजे २० तास. रोज साधारण त्याच वेळी येणाऱ्याला कधीच अडत नाही. पहिल्यांदा येणाऱ्याच्या किटला डिले वजा एक ठेवा, ते आयुष्यात एकदाच मिळतं.

किटमध्ये असं द्या जे वापरायला खेळावं लागतं: १६ रॉकेट, ८ सोनेरी गाजरं, एखादं दुर्मीळ रोपटं, रंग. तयार नेदराइटचं चिलखत दिलंत तर खेळाचा निम्मा प्रवास तुम्हीच संपवून टाकता.

सलग हजेरीची साखळी, म्हणजे स्ट्रीक, लावू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा आल्या की पन्नास-पन्नास दिवसांच्या साखळ्या तुटतात आणि परीक्षेनंतर परत यायचं कारणच उरत नाही. मूल परीक्षेच्या आदल्या रात्री साखळीसाठी लॉगिन करत असेल तर तो दोष आपल्या रचनेचा आहे. त्याऐवजी 'महिन्यात कुठल्याही बारा दिवशी आलात की बक्षीस' असा हिशेब ठेवा. चुकलेला दिवस चुकला, जमा झालेलं जागेवर राहतं.

गैरहजेरीला दंड लावण्यापेक्षा परतणाऱ्याला स्वागत द्यावं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या चाचणी काळात खूप वेळ खेळणाऱ्याचे अनुभवगुण निम्मे व्हायचे आणि लोक चिडायचे. मग कंपनीने मांडणी उलटी केली: विश्रांती घेऊन आलेल्याला दुप्पट, नंतर नेहमीसारखे. गणित जवळपास तेच होतं, पण तोच खेळाडू खूश झाला. तुमच्या सर्व्हरवर आठवडाभराने परतणाऱ्याला पहिल्या दिवशी टेलिपोर्ट फुकट करा. लकपर्म्सने एका दिवसासाठी तात्पुरता गट देता येतो आणि मुदत संपली की तो आपोआप निघतो.

तासांवरच्या रँक

रँकचं बक्षीस म्हणून ताकद देऊ नका, सोय द्या. ५, २०, ६० आणि १५० तास अशा चार पायऱ्या पुरेत, आणि प्रत्येक पायरीला एक जादा होम (टेलिपोर्टने परतायची आपली जागा). नावं आपल्या भाषेत ठेवलीत तर लोकांना ती जवळची वाटतात: वाटसरू, शेजारी, गावकरी, जाणता.

अडचण एवढीच की गेमचा प्ले टाइम एएफके वेळही मोजतो. एसेन्शियल्समध्ये ऑटो-एएफके ३०० सेकंदांवर असतो, पण वाहत्या पाण्यात गोल फिरत ठेवणारा हौद करून खेळाडू तो चुकवू पाहतात. त्यांच्यामागे धावत बसू नका. तासांच्या जोडीला एक अट ठेवा जी झोपेत पूर्ण होत नाही: दुसऱ्या कोणाच्या बांधकामात एकदा हातभार, किंवा बाजारात गाळा चालवणं. ती तपासायला एखादा मॉडरेटर, म्हणजे सर्व्हर सांभाळणारा माणूस, लागतो. एवढा वेळ द्यायची तयारी नसेल तर रँकच नकोत.

पहिली पायरी थोडी भरलेलीच द्या. न्यून्स आणि द्रेझ यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका कार धुण्याच्या केंद्रावर ३०० कार्डं वाटली होती. निम्म्यांवर आठ शिक्के हवे होते. उरलेल्यांवर दहा हवे होते, पण दोन आधीच मारलेले. दोघांनाही आठदाच यायचं होतं. तरी पहिल्या गटातल्या १९ टक्के लोकांनी कार्ड पूर्ण केलं आणि दुसऱ्या गटातल्या ३४ टक्के लोकांनी. नवीन खेळाडूने नियम वाचून स्पॉनचा फेरफटका मारला की 'दहापैकी दोन कामं झाली' असं दिसू द्या. उरलेली आठ खरी कामं असावीत: पहिली रात्र काढणं, क्लेम करणं, शेजाऱ्याशी एक सौदा करणं.

क्रेट, पैसे आणि कायदा

नशिबाच्या पेटीची ओढ जबरदस्त असते, कारण पुढच्या वेळी काय निघेल ते माहीत नसतं. म्हणूनच ती जपून वापरायची. क्रेट ठेवलाच तर प्रत्येक वस्तूची शक्यता पेटीच्या पाटीवर लिहा आणि पेटीची किल्ली फक्त खेळातून मिळू द्या. पैशाने किल्ली विकू नका. बेल्जियमने २०१८ साली पैसे घेऊन दिल्या जाणाऱ्या लूट बॉक्सना जुगार ठरवलं. आपल्याकडे २०२५ च्या कायद्याने, पैसे भरून पैसे किंवा तसाच लाभ जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली आहे, खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. त्यामुळे 'पन्नास रुपये एंट्री, जिंकणाऱ्याला पाचशे' अशी पीव्हीपी (खेळाडू विरुद्ध खेळाडू) स्पर्धा ठेवायची नाही. तुमचे बरेच खेळाडू अठराच्या आतले असतात, हेही विसरू नका.

सर्व्हरचा होस्टिंग खर्च भागवायला देणगी घेता येते, पण मोजांगने २०१४ मध्ये स्पष्ट केलेली अट पाळावी लागते: पैसे देणाऱ्याला खेळात वरचढ करणारं काही विकायचं नाही. नावाचा रंग, टोपी, पायामागे उडणारे कण असं दिखाऊ काहीही चालतं; केपला मात्र तेव्हा मनाई केली होती. विकलेली तलवार ज्याच्यावर चालते तो फुकट खेळणारा मुलगाच तुमचा सर्व्हर भरलेला ठेवतो, हे व्यवहारानेही लक्षात घ्यावं.

सगळ्यांचं मिळून एक बक्षीस

टिकून राहण्याच्या दृष्टीने यासारखं दुसरं काही नाही, आणि याला नवीन प्लगइन लागत नाही. एक मोठं, सगळ्यांच्या कामाचं बांधकाम निवडा. नेदर या खेळातल्या दुसऱ्या जगात बोट पळवायचा बर्फाचा रस्ता उत्तम. नेदरमधला एक ब्लॉक म्हणजे वरच्या जगातले आठ, त्यामुळे स्पॉनपासून ४,००० ब्लॉकवरच्या वस्तीसाठी ५०० ब्लॉकचा बोगदा पुरतो. तीन रुंद, तीन उंच धरला तर ४,५०० ब्लॉक खणायचे. मधल्या पट्टीला ५०० पॅक्ड आइस लागतो आणि एका पॅक्ड आइसला नऊ बर्फ, म्हणजे पुन्हा ४,५००. बर्फ सिल्क टच (ब्लॉक जसाच्या तसा उचलू देणारी जादू) असलेल्या अवजारानेच उचलता येतो. हाच रस्ता ब्लू आइसचा करायचा म्हटलं तर बर्फ ४०,५०० लागेल. बोट जास्त जोरात पळते, पण पहिल्या रस्त्याला हा हट्ट धरू नका, लोक अर्ध्यावर सोडतात.

स्पॉनवर पेट्या ठेवा आणि वर पाटी लावा: 'बर्फ: ४,५०० पैकी १,२४८'. आकडा रोज हाताने बदला. कोअरप्रोटेक्टच्या लुकअपमध्ये ॲक्शन म्हणून कंटेनर दिलं की कोणी किती टाकलं ते कळतं. किमान एक स्टॅक, म्हणजे ६४ बर्फ, दिलेल्या प्रत्येकाचं नाव बोगद्याच्या भिंतीवर लावा, सगळी नावं सारख्याच पाटीवर. पहिला-दुसरा-तिसरा असे क्रमांक लावलेत की चौथ्यापासून पुढचे हात काढून घेतात. ज्याच्याकडे अजून डायमंडचं पिकॅक्स नाही, तोही बोगद्यात टॉर्च लावू शकतो. त्याचंही नाव घ्या.

नवख्याला मदत करणाऱ्याला बक्षीस देताना एक काळजी घ्या. 'नवीन माणूस आणा, ५०० मिळवा' म्हटलं की लोक आपलीच दुसरी खाती आणतात. नवखा सात दिवसांनी परत आला आणि पाच तास खरंच खेळला, की मगच मदत करणाऱ्याला द्या. दुसरं खातं पकडायला फक्त आयपी पाहू नका. भावंडं एकाच वायफायवर असतात, आणि मोबाइल डेटावर अनोळखी माणसांचा आयपीही एकच दिसू शकतो.

बदल मोजायचा कसा, बक्षीस बंद कसं करायचं

एका वेळी एकच बदल करा आणि दोन आठवडे थांबा. संध्याकाळचा सर्वांत मोठा आकडा बघून खूश होऊ नका, क्रेट लावला की तो वाढतोच. बघायचं हे: गेल्या आठवड्यात पहिल्यांदा आलेल्यांपैकी किती जण सात दिवसांनी परत आले, आणि आलेल्यांनी सरासरी किती वेळ काढला. परतणारे वाढले पण वेळ दोन-तीन मिनिटांवर आला, तर तुम्ही किटाची रांग लावली आहे.

चुकीचं बक्षीस काढताना घाई केली तर ते लावण्यापेक्षा जास्त माणसं दुखावतात. चौदा दिवस आधी डिस्कॉर्डवर आणि स्पॉनच्या पाटीवर तारीख लिहा, कारण साध्या शब्दांत सांगा. ज्यांनी नियमाने मिळवलं त्यांच्याकडून काहीही परत घेऊ नका; ड्युप करून मिळवलेलंच तेवढं काढा, तेही त्या खेळाडूशी आधी खाजगीत बोलून. आयर्न फार्मवाल्याने तुम्हीच ठरवलेल्या दराने विकलं होतं, त्याची नाणी त्याचीच आहेत. त्याच्या जास्तीच्या लोखंडाला गिऱ्हाईक हवं असेल तर बाजारातला पहिला महिनाभर बिनभाड्याचा गाळा त्याला द्या.